नवापूर २००६ : शेडमधली मरतुक आणि अंगणातली कोंबडी

नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत विभागलेलं आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमारेषा रंगवलेली. एरवी लोक त्या बाकावर बसून फोटो काढून घेतात. २००६ च्या फेब्रुवारीत ही रेष गमतीची राहिली नाही. बर्ड फ्लू निघालेल्या पोल्ट्री शेडभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ आखलं आणि ते सरळ गुजरातच्या उच्छल तालुक्यात शिरलं (तेव्हा तो सुरत जिल्ह्यात होता, तापी जिल्हा पुढच्या वर्षी झाला). वर्तुळाच्या आत जे जे पंखवालं होतं ते मारायचं होतं. शेडमधली कोंबडी मोजलेली होती. अंगणातली कोंबडी कोणीच कधी मोजलेली नव्हती.

या प्रकरणावर लिहिलं गेलेलं बहुतेक सगळं शेडबद्दल आहे. किती लाख पक्षी मारले, अंड्याचा भाव किती पडला, निर्यात किती महिने थांबली. मला त्यातली अंगणाची बाजू मांडायची आहे. बर्ड फ्लू आला की गावरान कोंबडीवर लगेच बोट ठेवलं जातं: मोकळी फिरते, तळ्यावर जाते, रानपक्ष्यांत मिसळते, हिनंच आणला असणार. नवापूर आणि महिन्याभरात आलेलं जळगाव ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघितली तर हे बोट इतकं सरळ उरत नाही.

मानमोडीच असेल

नवापूर हे अंड्याचं गाव. सुरत–धुळे महामार्ग आणि सुरत–भुसावळ रेल्वे दोन्ही गावातून जातात, सुरतेसारखी भुकेली बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, भोवताली मजुरी करणारी आदिवासी वस्ती. पोल्ट्रीला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेडं एकमेकांना लागून उभी राहिली. एका शेडचा पंखा चालू झाला की शेजारच्या शेडला त्याचा वास जातो, इतकी जवळ.

जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेडांत मरतुक वाढली. मालकांनी नाव ठेवलं राणीखेत, आपल्या भाषेत मानमोडी. हा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. मानमोडीतही कोंबड्या झपाट्यानं मरतात, अंडी घटतात, श्वास घरघरतो, हिरवट हगवण लागते. एच५एन१ मध्ये, म्हणजे बर्ड फ्लूमध्ये, तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळेकाळे पडतात, डोकं सुजतं, पायाच्या खवल्यांखाली रक्त साकळतं, कधी यातलं काहीच दिसायच्या आत कोंबडी पिंजऱ्यात आडवी पडलेली सापडते. हजारो पक्ष्यांच्या शेडात सकाळी मेलेल्या कोंबड्या बादलीत गोळा करणारा गडी हा फरक बघायला थांबत नाही. डॉक्टरनं बघितला तरी डोळ्यांनी छातीठोक सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते, आणि तेव्हा या कामासाठी देशात एकच पुरेशी सुरक्षित प्रयोगशाळा होती, भोपाळला.

भोपाळचा निकाल १८ फेब्रुवारीला जाहीर झाला: एच५एन१. भारतातली ही पहिली नोंद. उद्योगातल्या काहींनी त्यानंतरही 'ही राणीखेतच आहे' असा धोशा लावला होता.

मधले जे दिवस गेले त्यांत काय होतं हे पोल्ट्रीच्या धंद्यात वावरलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मरतुक वाढली की उरलेला माल आधी काढायचा. जिवंत आहे तोवर कोंबडीला किंमत आहे. मेली की खड्डा खणायचा खर्च आहे. म्हणून आजारी कळपातले धड दिसणारे पक्षी स्वस्तात बाहेर जातात. ते घ्यायला कोण येतं? ज्याला महागाची कोंबडी परवडत नाही तो.

शेड आणि अंगण यांच्यामध्ये काय असतं

नकाशावर शेड आणि पाडा हे दोन वेगळे ठिपके दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये रोज पायवाट चालू असते.

शेडात काम करणारा माणूस पाड्यावर राहतो. त्याच्या घरी पाच-सात गावरान कोंबड्या असतात. दिवसभर शेडातली विष्ठा तुडवून तो त्याच चपलांनी अंगणात येतो, आणि अंगणात काहीतरी टोचत बसलेली कोंबडी चपलेला लागलेला कणही टोचते. खाद्याचं रिकामं पोतं घरी येतं. पावसाळ्यात ते छपरावर, हिवाळ्यात खुराड्यावर थंडी अडवायला. लेअरचं खत शेतकरी ट्रॉलीनं नेतात, कारण कोंबडीखताला तोड नाही, आणि खताचा ढीग बांधावर पडला की पहिली हजेरी गावरान कोंबडीची. ती पायांनी उकरते, अळ्या काढते. अंड्याचे कागदी ट्रे शेडातून दुकानात, दुकानातून परत शेडात फिरतात. ते धुता येत नाहीत, धुतले तर त्यांचा लगदा होतो.

हा विषाणू विष्ठेत राहतो आणि थंडीत जास्त टिकतो. चार अंश तापमानाला महिन्याहून अधिक, सदतीस अंशाला जेमतेम आठवडाभर. फेब्रुवारीतल्या नवापूरच्या रात्री मधल्या कुठेतरी पडतात. म्हणजे सावलीतल्या ओलसर खताच्या ढिगात त्याला काही दिवस आरामात काढता येतात.

आता उलट दिशा. पाड्यावरची कोंबडी शेडात जाते का? लेअरचं शेड जाळीचं असतं, पिंजरे जमिनीपासून उंच असतात, गावरान कोंबडी आत जाऊन लेअरच्या शेजारी बसत नाही. पण शेडाखाली सांडलेलं खाद्य टिपायला ती येते, तिच्यासोबत चिमण्या, साळुंक्या आणि कावळे येतात, आणि तिच्या अंगणातून निघालेला माणूस सकाळी हात न धुता आत जातो. म्हणजे वाट दोन्हीकडून आहे. फक्त एका बाजूनं रोज ट्रकानं माल जातो-येतो आणि दुसऱ्या बाजूनं चार कोंबड्या चालत येतात.

जवळच तापीवरच्या उकाई धरणाचा फुगवटा आहे आणि हिवाळ्यात तिथं बाहेरचे पक्षी उतरतात. संशय साहजिकच त्यांच्याकडे गेला. २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी याच रोगानं मेले होते आणि तिथून विषाणूचं हे घराणं पश्चिमेकडे पसरत युरोपापर्यंत पोचलं होतं. भोपाळच्या शास्त्रज्ञांनी नवापूरच्या विषाणूची जनुकं तपासली तेव्हा तो त्याच काळात इटली आणि इराणमधल्या हंसांत सापडलेल्या विषाणूंच्या जवळचा निघाला. यावरून विषाणू कुठल्या कुळातला ते कळतं. नवापूरच्या पहिल्या शेडात तो कोणाच्या बुटाला लागून आला, ते जनुकं सांगत नाहीत.

तीन किलोमीटर

तेव्हाच्या नियमानं बाधित जागेपासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारायचे, अंडी आणि खाद्य नष्ट करायचं, दहा किलोमीटरपर्यंत नमुने गोळा करत राहायचं. पशुसंवर्धन खात्याची माणसं पांढरे पोशाख, मुखपट्ट्या, गॉगल घालून उतरली. त्यांना खबरदारीसाठी टॅमिफ्लूच्या गोळ्या दिल्या. आरोग्य खात्यानं घरोघर ताप-खोकल्याची पाहणी केली, माणसांचे नमुने तपासले. त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही.

शेडातलं काम भीषण होतं, पण सरळ. पक्षी पिंजऱ्यात, पिंजरे रांगेत. माना मुरगळायच्या, पोती भरायची, जेसीबीनं खणलेल्या खड्ड्यात टाकायची, वर चुना, वर माती.

पाड्यावर हेच काम कसं होतं ते बघा. दिवसा गावरान कोंबडी पकडणं म्हणजे पोरखेळ, आणि तोही हरण्याचा. ती कुंपणाखालून जाते, छपरावर जाते, झाडावर जाते, तुरीच्या शेतात शिरली तर संपलंच. अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख घालून, धुरकट गॉगलमधून तिच्यामागे धावणारा माणूस दहा मिनिटांत घामानं भिजतो आणि मुखपट्टी खाली ओढतो, म्हणजे ज्यासाठी ती घातली तेच हुकतं. ही कोंबडी पकडायची वेळ एकच: दिवेलागणीनंतर, ती खुराड्यात शिरली किंवा डालग्याखाली झाकली की. तेव्हा हात घालून एकेक काढता येते, ओरडतही नाही. पण ते घरच्या बाईच्या मदतीशिवाय होत नाही. कोंबड्या तिच्या आवाजाला येतात, किती आहेत ते तिलाच माहीत असतं, आणि खुडूक झालेली एक कणगीमागे अंड्यांवर बसलीय हेही फक्त तिलाच माहीत असतं.

तिनं ती का दाखवावी? सरकारी पथकाकडे या प्रश्नाचं उत्तर चाळीस रुपये होतं.

चाळीस रुपये

अंड्याच्या कोंबडीला ४० रुपये, ब्रॉयलरला ३०, पिल्लाला १०, असा दर होता. शेडमालकाला तो कमी वाटला. पण त्याचा हिशोब निदान त्याच भाषेतला होता. तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) इतक्याला घेतल्या, इतकं खाद्य घातलं, इतके महिने अंडी मिळाली, उरलेली किंमत एवढी. शिवाय त्याच्याकडे पक्ष्यांची नोंदवही होती.

गावरान कोंबडी या हिशोबात बसत नाही. ती विकत घेतलेली नसते, तिला खाद्य घातलेलं नसतं, म्हणून बाहेरच्याला ती फुकटची वाटते. बाईच्या लेखी ती हाताशी असलेली रोकड आहे: पोराला ताप आला तर आठवडी बाजारात एक कोंबडा जातो, डॉक्टरची फी निघते. पाहुण्याला कापायला कोंबडा, देवाला मानाचा कोंबडा, आणि तो मानाचा कोंबडा ब्रॉयलर चालत नाही. रंगही ठरलेला असतो. जाणत्या गावरान कोंबड्याला बाजारात ब्रॉयलरच्या कितीतरी पट भाव मिळतो. त्याला लेअरचा दर लावणं म्हणजे बैलाची भरपाई मटणाच्या भावानं देणं. आणि तोही दर पदरात पडायचा तर यादीत नाव, अंगठा, पंचनामा.

अशा दरात लोक कोंबड्या लपवतात किंवा रातोरात पाहुण्याकडे पोचवतात. पाहुणा बहुधा दहा किलोमीटरच्या पलीकडे राहतो. मारण्याच्या मोहिमेनं रोग थांबावा म्हणून ठेवलेला दर असा रोगाला वाहन पुरवतो. हे मी नवापूरपुरतं म्हणत नाही. दोन वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये बीरभूमच्या मारग्रामपासून सुरू झालेली साथ तेरा जिल्ह्यांत गेली, चाळीस लाखांवर पक्षी मारावे लागले, आणि ती जवळजवळ सगळी अंगणातली होती. तिथं कोंबड्या-बदकं लपवणं हा पथकांच्या रोजच्या डोकेदुखीचा भाग होता.

जळगाव : शेड नसलेली साथ

नवापूरचं काम आटोपतंय असं वाटत असताना मार्चच्या मध्यात जळगाव जिल्ह्यातून नमुने बाधित निघाले. साळवा, हातेड, मारूळ, सावदा. नवापूरपासून सुमारे दोनशे किलोमीटर, आणि या वेळी पक्षी अंगणातले. मार्चअखेर सावद्याच्या पुढे सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळच्या इच्छापूरला.

ही चार गावं नकाशावर बघितली तर ती चार वेगवेगळ्या तालुक्यांत आहेत. साळवा धरणगाव तालुक्यात, हातेड चोपड्यात, मारूळ यावलमध्ये, सावदा रावेरमध्ये. अंगणातली कोंबडी आपल्या पायांनी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जात नाही. ती संध्याकाळी घरी येते. दिवसभरात तिचा घेर फारफार तर शेजारच्या उकिरड्यापर्यंत. तालुके ओलांडायचे तर तिला पाय बांधून, उलटं टांगून, मोटारसायकलच्या हँडलला लटकवून कोणीतरी न्यावं लागतं. गावोगाव फिरून कोंबड्या गोळा करणारा आणि आठवडी बाजारात विकणारा माणूस खानदेशात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या एका पाटीत चार गावांच्या कोंबड्या असतात, आणि न विकल्या गेलेल्या संध्याकाळी पाचव्या गावात जातात.

म्हणून 'मोकळी कोंबडी रोग पसरवते' या वाक्यात माझ्या मते क्रियापद चुकलं आहे. मोकळी कोंबडी रोग उचलते. पसरवायला तिला बांधावं लागतं.

बाहेरच्या देशांतला अनुभवही याच बाजूला झुकतो. नेदरलँडमध्ये २००३ साली एच७एन७ ची, म्हणजे बर्ड फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराची, साथ आली. तीन कोटींच्या आसपास पक्षी गेले, एक पशुवैद्यही दगावला. हौसेनं पाळलेले परसातले छोटे कळपही तिथं मारले गेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की या छोट्या कळपांना व्यापारी फार्मांच्या तुलनेत लागण फारच कमी झाली आणि साथ पसरण्यात त्यांचा वाटा किरकोळ होता. थायलंडमध्ये २००४ च्या साथीतही परसातल्या कळपांपेक्षा व्यापारी कळपांत लागणीचं प्रमाण जास्त निघालं. तिथं मोकळा फिरणारा खरा धोकादायक पक्षी होता बदक. भातकापणीनंतर हजारोंचे कळप ट्रकात घालून या खाचरातून त्या खाचरात चारायला नेत, आणि बदकं विषाणू अंगात घेऊन बऱ्याचदा न मरता फिरतात. कोंबडी तशी नाही. तिला लागला की ती मरते, गावरान असली तरी. गावरान काटक असते हे खरंच आहे, पण ते ऊन, कोल्हा आणि जंत यांच्यापुरतं. एच५एन१ पुढे तिचा काटकपणा चालत नाही.

आणि नेमकं इथंच जळगाव मला नवापूरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. अंगणातली कोंबडी लवकर मरते म्हणजे ती लवकर सांगते. ऐकायला कोणी हवं. मार्चमध्ये ऐकलं गेलं, कारण नवापूरनंतर राज्यभर नमुने गोळा करणं चालू होतं. एरवी पाड्यावर दहा कोंबड्या मेल्या तर दवाखान्यात कोणी सांगत नाही, कारण त्या दरवर्षीच मरतात. दर उन्हाळ्यात मानमोडी येते आणि पाडाच्या पाडा साफ करते. म्हणजे धोक्याची घंटा आहे, पण ती वर्षभर वाजत असते.

मानमोडीला लस आहे, स्वस्त आहे, जुनी आहे. पिल्लांना लासोटाचा एक थेंब डोळ्यात, मोठ्या झाल्यावर आर-टू-बी टोचायची. अडचण कुपीत आहे. एका कुपीत शंभर, दोनशे, पाचशे पक्ष्यांची लस असते, ती बर्फावर ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. शेडमालकाला हे सोयीचं. सात कोंबड्यांच्या बाईला याचा काय उपयोग? सगळा पाडा एकाच दिवशी, सकाळी कोंबड्या सोडायच्या आत, खुराड्याच्या दारात उभं राहून लस टोचली तरच कुपी कारणी लागते. जिथं हे नेमानं होतं तिथं कोंबड्यांचं मरणं ही पुन्हा बातमी बनते. बर्ड फ्लूचा सगळ्यात स्वस्त पहारा मला यातच दिसतो: मानमोडी अंगणातून हटवा, म्हणजे त्यानंतर मेलेली कोंबडी काहीतरी वेगळं सांगत असेल. शेडमालकांनीच आपल्या भोवतीच्या पाड्यांवर ही लस आपल्या खर्चानं टोचून घेतली तर त्यांना ती विम्याच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

नंतर

११ ऑगस्ट २००६ ला भारतानं स्वतःला रोगमुक्त घोषित केलं. तिन्ही राज्यांत मिळून दहा लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले होते. पुढे नियम बदलले. मारण्याचं वर्तुळ तीन किलोमीटरवरून एकावर आलं, भरपाई मोठ्या अंडी कोंबडीला ९० रुपये झाली. एक किलोमीटरचा निर्णय पाड्यांच्या दृष्टीनं मोठा आहे; वर्तुळाची त्रिज्या तिसऱ्या हिश्श्यावर आली की क्षेत्रफळ नवव्या हिश्श्यावर येतं, आणि तेवढ्या कमी अंगणांत पथक शिरतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. बरोबर पंधरा वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच गावच्या शेडांत, आणि लाखो पक्षी पुन्हा खड्ड्यात गेले. शेडं अजूनही एकमेकांना लागून आहेत.

शेड रिकामं झालं की ते धुतात, चुना मारतात, ठरलेले आठवडे मोकळं ठेवतात आणि मग हॅचरीला फोन करतात. तलंगांनी भरलेली गाडी दारात येते. पाड्यावर फोन करायला हॅचरी नाही. पाच किलोमीटरवरच्या बहिणीकडून डझनभर अंडी पदरात बांधून आणायची, पण ती बसवायची कोणाखाली? खुडूक कोंबडी त्याच खड्ड्यात गेलेली असते. मग एक कोंबडीही उसनी आणावी लागते, आणि निघालेल्या पिल्लांतली अर्धी परत द्यायच्या बोलीवर.